रामन प्रयोगातील लेझरची तरंगलांबी : पाठ्यपुस्तकातील एका बरोबर वाक्याची चिकित्सा

प्रस्तावना

दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त आपल्या महाविद्यालयांतून सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यावर व्याख्याने होतात. समुद्राच्या निळ्या रंगाची कथा सांगितली जाते, १९३० च्या नोबेल पारितोषिकाचा उल्लेख होतो, आणि विदर्भातील वक्ता असेल तर १९१० मध्ये रामन नागपूरला लेखा खात्यात अधिकारी होते ही आठवणही अभिमानाने निघते. हे सर्व यथायोग्यच आहे. परंतु ज्या प्रश्नापाशी प्रत्यक्ष प्रयोग सुरू होतो तो प्रश्न या व्याख्यानांत, आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि आपण लिहीत असलेल्या शोधनिबंधांतही क्वचितच विचारला जातो. तो प्रश्न असा : नमुन्यावर प्रकाश पाडावयाचा तो कोणत्या तरंगलांबीचा, आणि का?

हा प्रश्न उपकरणाच्या तपशिलाचा आहे, तो तंत्रज्ञाने पाहावा, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. प्रस्तुत लेखकाचीही ती होती. ही समजूत चुकीची असून तरंगलांबीची निवड हा निष्कर्षाच्या युक्तिवादाचाच भाग आहे, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

बरोबर वाक्य आणि चुकीची सवय

पदवी स्तरावर रामन परिणाम शिकविताना रामन रेषांची वैशिष्ट्ये म्हणून एक यादी दिली जाते. मूळ रेषेच्या दोन्ही बाजूंना रेषा मिळतात. स्टोक्स रेषा प्रतिस्टोक्स रेषांपेक्षा अधिक तीव्र असतात. आणि रामन शिफ्ट, म्हणजे आपाती व प्रकीर्ण प्रकाशाच्या वारंवारतेतील फरक, आपाती प्रकाशाच्या तरंगलांबीवर अवलंबून नसतो. हे तिसरे वाक्य परीक्षेत हमखास विचारले जाते व विद्यार्थी ते अचूक लिहितात. वाक्य निर्विवाद बरोबर आहे. शिफ्ट रेणूच्या कंपनाने ठरतो. बेंझीनची ९९२ प्रति सेंमीची रेषा हिरव्या प्रकाशात तेथेच मिळते आणि लाल प्रकाशातही तेथेच.

अडचण अशी की या वाक्यानंतर परिच्छेद संपतो. साहजिकच विद्यार्थी त्यातून एक न लिहिलेला निष्कर्ष काढतो की कोणताही प्रकाश चालेल. पुढे तोच विद्यार्थी संशोधक होतो, अध्यापक होतो, आणि मोजमाप केंद्राच्या अर्जातील लेझरच्या रकान्यात ‘जो उपलब्ध असेल तो’ असे लिहितो. रेषा कोठे पडेल हे आपाती प्रकाश ठरवीत नाही, हे खरे. पण ती दिसेल की नाही, तिच्यावर आणखी काय पसरेल, शोधकाला ती टिपता येईल का, आणि मोजमाप संपेपर्यंत नमुना तोच राहील का, हे सर्व आपाती प्रकाशच ठरवितो. पाठ्यपुस्तकाने सांगितलेली अवलंबून नसलेली गोष्ट एक आहे. न सांगितलेल्या, अवलंबून असलेल्या गोष्टी निदान चार आहेत.

मुळातील पेच

या वगळण्याचे विशेष वाईट वाटते ते अशासाठी की शोधाच्या खऱ्या इतिहासात हाच पेच मध्यवर्ती होता. १९२१ च्या सागरप्रवासानंतर कोलकात्यात द्रवांतील प्रकीर्णनाचे प्रयोग सुरू झाले. १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना पाण्यात मूळ प्रकाशाच्या रंगाहून वेगळा असा एक क्षीण प्रकाश आढळला. तेव्हा तो फ्लुओरेसन्स समजला गेला. पाण्यातील अशुद्धीमुळे तो येत असावा असे मानून पाणी पुनःपुन्हा शुद्ध करण्यात आले. तरी तो गेला नाही. १९२८ च्या आरंभी वेंकटेश्वरन यांना ग्लिसरीनमध्ये तसाच, पण ठळकपणे ध्रुवित प्रकाश दिसला. सामान्य फ्लुओरेसन्स असा ध्रुवित नसतो. त्यानंतर रामन व के. एस. कृष्णन यांनी अनेक द्रव तपासले आणि २८ फेब्रुवारीला पाऱ्याच्या दिव्याचा एकवर्णी प्रकाश वापरून वर्णपटात स्वतंत्र रेषा पाहिल्या. म्हणजे पाच वर्षे हा परिणाम डोळ्यांसमोर होता आणि फ्लुओरेसन्सच्या नावाखाली मोडत होता. ‘हे रामन प्रकीर्णन की फ्लुओरेसन्स?’ हा प्रश्न या विषयाच्या जन्मापासूनचा आहे. आज तरंगलांबी निवडताना आपण बहुतांशी तोच सोडवीत असतो.

पाऱ्याच्या दिव्याची ४३५.८ नॅनोमीटरची निळी-जांभळी रेषा पुढे दीर्घकाळ वापरली गेली. तिची योग्यता समजून घेण्यासारखी आहे. प्रकीर्णनाची तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते, म्हणून निळा प्रकाश फायद्याचा; छायाचित्रण काचाही निळ्यालाच अधिक संवेदनशील होत्या; आणि द्रव स्वच्छ, रंगहीन होते. निवड त्या काळच्या शोधकाला आणि नमुन्याला साजेशी होती. १९४० च्या दशकात बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत आर. एस. कृष्णन यांनी हिऱ्याच्या अभ्यासासाठी पाऱ्याचीच २५३.७ नॅनोमीटरची जंबुपार रेषा घेतली. इटलीच्या रासेटी यांनी वापरात आणलेल्या या पद्धतीची खुबी अशी की विखुरलेला मूळ प्रकाश पाऱ्याच्या वाफेतून नेला की वाफ तो शोषून घेते आणि क्षीण रामन रेषा तेवढ्या उरतात. हिऱ्याचा द्वितीय श्रेणीचा अतिशय दुर्बळ वर्णपट त्यामुळे नोंदविता आला. लेझर नसताना, हाती मोजक्या रेषा असताना त्यांनी निवड केली आणि तिचे कारण सांगितले. आज आपल्यापुढे अर्जावर तीन-चार रकाने असतात आणि आपण कारण देत नाही.

इटियाडोहचा नमुना

आता प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या चुकीकडे वळणे भाग आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह प्रकल्पाचा जलाशय आहे. त्याच्या कालव्यांवर खालच्या पट्ट्यातील धानाची शेती होते; जलाशयात मासेमारी चालते. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पासाठी आम्ही या जलाशयाचे पाणी आणून काचतंतूंच्या गाळणीतून गाळले आणि गाळणीवरचा हिरवट थर शुल्क घेऊन मोजमाप करून देणाऱ्या एका केंद्राकडे पाठविला. प्रकल्पाचे शीर्षक पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांविषयी होते. केंद्राकडे हिरवा ५३२, लाल ६३२.८ आणि निकट अवरक्त ७८५ नॅनोमीटर असे तीन लेझर होते. फ्लुओरेसन्सचा त्रास असेल तर लालकडे जावे, असे ऐकून होतो. लाल लिहिले.

जो वर्णपट आला त्यात रेषा जवळजवळ नव्हत्याच. ११५० प्रति सेंमीच्या आसपास मध्य असलेला एक रुंद फुगवटा मात्र होता. प्रकल्पाच्या कच्च्या अहवालात आम्ही लिहून मोकळे झालो की सेंद्रिय प्रदूषकांमुळे पार्श्वभूमी वाढलेली दिसते. ज्या पाण्यावर लोकांचे धान उभे आहे आणि ज्यातली मासळी बाजारात जाते, त्याविषयी हे विधान होते. ते तसेच छापले गेले असते तर पुढे कोणी ना कोणी त्याचा हवाला दिला असता.

एका साध्या हिशेबाने ते विधान कोसळते. ६३२.८ नॅनोमीटर म्हणजे १५,८०३ प्रति सेंमी. त्यातून ११५० वजा केले की १४,६५३ उरतात. त्यांची तरंगलांबी सुमारे ६८२ नॅनोमीटर येते. जिवंत शैवालातील हरितद्रव्याचा फ्लुओरेसन्स ६८० ते ६८५ नॅनोमीटरच्या दरम्यान असतो, हे वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही सहकाऱ्याने सांगितले असते. (बहुविद्याशाखीय म्हणविणाऱ्या महाविद्यालयात दोन विभागांमधला व्हरांडा ओलांडण्याचे कष्ट आम्ही घेतले नव्हते.) आम्ही ज्याला प्रदूषक म्हणत होतो ते सूर्यप्रकाशात वाढलेले साधे शैवाल होते.

रेणूंच्या ओळखीच्या दृष्टीने महत्त्वाचा पट्टा साधारणतः ४०० ते १८०० प्रति सेंमी हा असतो. ६३२.८ च्या लेझरने हा पट्टा ६४९ ते ७१४ नॅनोमीटरवर येऊन पडतो, म्हणजे हरितद्रव्याचा उजेड बरोबर त्याच्या मध्यावर. ५३२ च्या हिरव्या लेझरने तोच पट्टा ५४४ ते ५८८ नॅनोमीटरवर पडतो. हरितद्रव्य तेव्हाही ६८२ लाच उजळते, पण ते आता ४१०० प्रति सेंमीच्या पलीकडे, पट्ट्याच्या बाहेर गेलेले असते. ‘लाल लेझरने फ्लुओरेसन्स कमी होतो’ हा नियम इटियाडोहच्या थराला लावला की उलटा होतो. त्यातही निळी-हिरवी शैवाले अधिक असतील तर त्यांच्यातील फायकोएरिथ्रिन हे रंगद्रव्य ५७५ नॅनोमीटरच्या आसपास उजळते आणि मग हिरवा लेझरही निर्धोक राहत नाही. तेव्हा थरात काय आहे हे आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आले.

येथून एक कसोटी आपोआप हाती येते, आणि ती पाठ्यपुस्तकातील त्याच बरोबर वाक्यातून येते. लेझर बदलल्यावर जे शिखर शिफ्टच्या मापावर जागचे हलत नाही ते रामनचे. जे शिफ्टवर हलते पण तरंगलांबीच्या मापावर जागेवर राहते ते फ्लुओरेसन्सचे. तिसऱ्या वैशिष्ट्याखाली हे एक वाक्य जोडले असते तर विद्यार्थ्याला ती यादी पाठ करण्याऐवजी वापरता आली असती.

७८५ हे सर्वांवरचे औषध नव्हे

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे निकट अवरक्त लेझर. तो पुष्कळदा योग्यही असतो, कारण त्याच्या कमी ऊर्जेच्या फोटॉनांनी बहुतेक सेंद्रिय द्रव्यांत फ्लुओरेसन्स जागाच होत नाही. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. चौथ्या घाताच्या नियमाने ५३२ च्या तुलनेत ७८५ चे प्रकीर्णन सुमारे ४.७ पट कमी, आणि १०६४ चे १६ पट कमी. मुळात रामन प्रकीर्णन इतके दुर्मीळ की प्रकीर्ण फोटॉनांपैकी कोटीत एखादाच त्यात सापडतो. त्यातून आणखी पाच पट जाणे ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरी अडचण शोधकाची. सिलिकॉनचे सीसीडी शोधक १००० नॅनोमीटरनंतर झपाट्याने आंधळे होतात. पाण्याच्या ओ-एच बंधाची रुंद रेषा ३४०० प्रति सेंमीच्या जवळ असते. ५३२ च्या लेझरने ती ६५० नॅनोमीटरला सुखाने दिसते. ७८५ ने ती १०७० वर जाते आणि नेहमीच्या शोधकाला दिसतच नाही. पाण्याचीच रचना अभ्यासावयाची असेल आणि ७८५ मागविला असेल तर कोरा कागद परत येईल. तिसरी अडचण क्षुल्लक वाटेल, पण तिने अनेकांना फसविले आहे : ७८५ च्या प्रकाशात साधी काच स्वतःच उजळते आणि १४०० प्रति सेंमीच्या आसपास मोठा फुगवटा देते. काचपट्टीवर ठेवलेल्या नमुन्याचा म्हणून काचपट्टीचाच वर्णपट छापला जाण्याची शक्यता येथे असते. आमचा थर तर काचतंतूंच्या गाळणीवरच होता.

याउलट रंगीत नमुन्यात कधी कधी शोषण हेच साहाय्यक ठरते. आपाती प्रकाश रेणूच्या शोषणपट्ट्यात पडला तर त्या रेणूच्या काही रेषा शेकडो, हजारो पट बलवान होतात. यालाच अनुस्पंदी रामन प्रकीर्णन म्हणतात. गाजरातील व शैवालातील कॅरोटिनॉइड द्रव्ये निळ्या-हिरव्या लेझरने अशी उजळतात की १००५, ११५५ आणि १५२० प्रति सेंमीच्या आसपासच्या तीन रेषा अत्यल्प प्रमाणातही सुटत नाहीत. पण यात एक पक्षपात आहे. वर्णपटात जे ठळक दिसते ते नमुन्यात अधिक आहे असे नव्हे, त्या लेझरला ते आवडते एवढेच. शिखरांच्या उंचीवरून घटकांची टक्केवारी काढणारे निबंध आपल्याकडे लिहिले जातात. त्यांत लेझर कोणता होता हे सांगितले नसेल तर ती टक्केवारी निरर्थक होय.

डोंगरी बुजुर्गचा काळा दगड

शेजारच्या भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गची मँगनीज खाण प्रसिद्ध आहे. तेथील डायॉक्साइड प्रकारचे खनिज कोरड्या विद्युतघटांसाठी वापरले जाते. असे काळे खनिज रामन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की वेगळाच धोका उभा राहतो. एक मिलिवॉट म्हणजे नगण्य शक्ती वाटते. पण ती एक मायक्रॉन व्यासाच्या ठिपक्यावर एकवटली की त्या ठिपक्यावरील प्रकाश भर दुपारच्या उन्हाच्या दहा लाख पटींहून अधिक होतो. काळा दगड तो सर्व शोषून घेतो, तापतो, ऑक्सिजन सोडतो आणि मँगनीजच्या निम्न ऑक्साइडांत रूपांतरित होऊ लागतो. वर्णपटात ६५० ते ६६० प्रति सेंमीच्या दरम्यान हौसमनाइटची भक्कम रेषा उगवते. खनिजात हौसमनाइट सापडले असा निष्कर्ष निघतो. वास्तविक ते प्रयोगानेच तयार केलेले असते. पिवळ्या गोएथाइटचे तांबडे हेमॅटाइट होणे हाही याच जातीचा, चांगला अभ्यासलेला प्रकार आहे. काळा पदार्थ सर्वच रंग शोषीत असल्याने येथे तरंगलांबी बदलून फारसे साधत नाही. शक्ती घटवावी लागते व मोजमापाआधी आणि नंतर त्याच ठिपक्याचे छायाचित्र घ्यावे लागते. शक्ती किती होती हे न लिहिता केवळ लेझरचा रंग लिहिणे म्हणूनच अपुरे.

निवड कशी सांगावी याचे एक उदाहरण

खर्रा ज्या प्रदेशात घराघरांत पोहोचला आहे तेथील वाचकाला नवी मुंबईतील खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेचे काम जवळचे वाटावे. डॉ. सी. मुरली कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे तोंडाच्या कर्करोगाच्या ओळखीसाठी, मांसाचा तुकडा न काढता, प्रकाशतंतूच्या साहाय्याने थेट रुग्णाच्या तोंडातच रामन मोजमापे केली. त्यासाठी लेझर ७८५ नॅनोमीटरचा होता. कारणे उतींच्या स्वभावात आहेत. हिरव्या प्रकाशात तोंडाच्या अस्तरातील अनेक द्रव्ये स्वतः उजळतात, रक्तातील हिमोग्लोबिन तो प्रकाश शोषून घेते. निकट अवरक्त प्रकाश उतींत अधिक खोल जातो. शिवाय प्रथिने व मेद यांची उपयुक्त माहिती १८०० प्रति सेंमीच्या आतच मिळत असल्याने शोधकाची मर्यादा येथे आड येत नाही. म्हणजे आम्ही वर ज्या ७८५ च्या उणिवा मोजल्या त्या या प्रश्नाला बाधक नाहीत. निवड प्रश्नातून निघाली आहे.

हीच गोष्ट मोठ्या खर्चाच्या प्रकल्पांतही दिसते. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिरन्स’ या गाडीवर एक नव्हे तर दोन रामन उपकरणे बसविलेली होती : एक २४८.६ नॅनोमीटरच्या जंबुपार लेझरचे, दुसरे ५३२ च्या हिरव्या लेझरचे. जंबुपार प्रकाशात रामन रेषा आपाती तरंगलांबीच्या इतक्या जवळ पडतात की सेंद्रिय द्रव्यांचा फ्लुओरेसन्स त्यानंतर सुरू होतो, आणि वलयी रेणू अनुस्पंदनाने उठून दिसतात. हिरव्याने काही मीटरवरील खडकातील खनिजे दुरूनच ओळखता येतात. प्रत्येक ग्रॅम वजनाचा हिशेब असलेल्या यानातही एका लेझरवर भागविलेले नाही.

आपले लेखन

आपल्या महाविद्यालयीन नियतकालिकांतील साहित्य व पद्धती या विभागात रामनविषयी सामान्यतः उपकरणाच्या कंपनीचे नाव असते, मोजमाप कोठे केले ते असते, क्वचित लेझरचा आकडा असतो. त्या आकड्यापुढे ‘कारण’ या शब्दाने सुरू होणारे वाक्य प्रस्तुत लेखकाला फार थोड्या ठिकाणी आढळले. परीक्षण करणारे आपणही ते मागत नाही. एक्स-किरण विवर्तनाचा आलेख आला की तरंगलांबी विचारतो, कारण तिच्याशिवाय अंतर निघत नाही. रामनमध्ये मात्र ती नसली तरी आलेखाचा आडवा अक्ष भरलेला दिसतो, म्हणून विचारत नाही. शिफ्टचे माप सोयीचे खरे. पण ते तरंगलांबी झाकून ठेवते, आणि त्यामुळेच आमचा ६८२ नॅनोमीटरचा उजेड ११५० या निरुपद्रवी आकड्याआड लपून राहिला होता.

ग्रामीण भागातील महाविद्यालयाला निवडीची चैन कोठे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. एका नमुन्याचे शुल्क, नागपूरपर्यंतचा प्रवास आणि मिळालेली तारीख यांत दुसऱ्यांदा मोजण्याची संधी बहुधा नसते. पण संधी एकदाच असेल तर विचार आधी करणे अधिक निकडीचे ठरते. वर दिलेला हिशेब कागदावर पाच मिनिटांचा आहे. त्याला उपकरण लागत नाही, शुल्क लागत नाही. आणि केंद्रात खरोखरच एकच लेझर असेल तर तेही निबंधात लिहिता येते, त्याने काय दिसू शकले नसते यासह.

आमच्या प्रकल्पाचे पुढे असे झाले. कच्च्या अहवालातील प्रदूषकांचे वाक्य खोडले. पुढील हंगामात जलाशयाचे पाणी पुन्हा आणले, थर काचतंतूंऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर वाळविला, आधी वनस्पतिशास्त्र विभागात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि हिरव्या लेझरखाली अल्प शक्तीत मोजून घेतला. कॅरोटिनॉइडच्या तिन्ही रेषा स्पष्ट आल्या. त्या शैवालाच्या होत्या. पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांविषयी त्या काहीच सांगत नव्हत्या, आणि त्या द्रव्यांसाठी लागणारा जंबुपार लेझर आमच्या आवाक्यात नव्हता. विद्यार्थ्यांनी प्रकल्पाचे शीर्षक बदलले. नव्या शीर्षकात ‘सेंद्रिय द्रव्ये’ हे शब्द नव्हते. ‘५३२ नॅनोमीटर’ होते.